बोटं उमटेनात

गेल्या हिवाळ्यात माझा मातामायवरचा विश्वास पार डळमळला होता. आमच्या गावाच्या शिवेवर कडुलिंबाखाली या गावदेवीचं ठाणं आहे. शेंदूर फासलेले पाच-सात दगड, एक त्रिशूल आणि वर पत्र्याचं छप्पर, एवढंच. लग्न होऊन तिरोडा तालुक्यातल्या या गावात आले तेव्हापासून दर मंगळवारी मी तिच्यापुढे दिवा लावत आले. पण ज्या दिवशी नागपूरच्या ऑफिसातून रिकाम्या हातानं परतले, त्या संध्याकाळी तिच्यासमोरून गेले आणि मान वर करून पाहिलंही नाही. मनात एकच होतं, माय, तुला आमच्याच घराचा पत्ता सापडला का?

आमचे हे राईस मिलमध्ये पोती उचलायचे. अंगानं धडधाकट, कधी साधा ताप नाही. एका सकाळी विहिरीवर बादली ओढता ओढता डावी बाजू गेली. लकवा. जीव वाचला, पण त्यानंतर ते खाटेवरच होते. उजवा हात चालायचा, बोलणं जड झालं होतं. घरात सासूबाई, बारावीत शिकणारी आमची प्राची आणि मी. मी लहानपणापासून बिड्या बांधत आले. माहेरी असताना शाळेतून आलं की सूप मांडीवर घ्यायचं, तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. सासरी आले तरी तेच. पण बिड्यांवर घर आणि औषधं दोन्ही चालत नव्हती.

माझी मावसबहीण परदेशात एका वृद्धाश्रमात काम करते. यांची सेवा करता करता मला आजाऱ्याचं सगळं करता येऊ लागलं होतं. तिच्या सांगण्यावरून मी गोंदियाला जाऊन त्या कामाचं रीतसर शिक्षणही घेतलं. तिनं तिथं माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला बोलावणं आलं. दोन वर्षांचा तात्पुरता कामाचा परवाना मिळणार होता. त्यासाठी फक्त त्या देशाच्या नागपूरच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे होते. हे मला सोपं वाटलं होतं. अवघड वाटत होतं ते यांना सोडून जाणं. तो विषय निघाला की हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी पाठीवर हात ठेवायची आणि कामाला उठायची.

ऑफिस मोठं, थंडगार, काचेचं. नंबर आला. समोरच्या तरुण मुलानं बोटं मशीनवर ठेवायला सांगितली. ठेवली. त्यानं मान हलवली. पुन्हा ठेवली. त्यानं ओला रुमाल दिला, पुसून पाहिलं, दाबून पाहिलं, एकेक बोट वेगळं ठेवून पाहिलं. शेवटी तो हळूच म्हणाला, "ताई, बोटं उमटतच नाहीयेत. रेषाच नाहीत." मी बोटं डोळ्यांजवळ नेली. खरंच गुळगुळीत होती. इतक्या वर्षांच्या पानांनी आणि दोऱ्यानं त्यांच्यावरचं सगळं घासून नेलं होतं. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागायचा नाही, पण तिथे सासूबाईंच्या अंगठ्यावर भागायचं. इथे माझ्या जागी दुसरं कोण बोट ठेवणार? मुलगा भला होता. त्यानं साहेबांना विचारून पुढची एक तारीख दिली, पण हेही सांगितलं की तेव्हाही ठसे आले नाहीत तर अर्ज रद्द होईल.

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला रडू आवरेना. शेजारी बुरखा घातलेली एक वयस्कर बाई बसली होती. तिच्या मुलीचं आत काहीतरी काम होतं. तिनं न विचारता माझा हात आपल्या हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बीडी बनाती हो ना, बहन?" मी मान हलवली. तिच्या अम्मीचे हात असेच होते म्हणे. ती बराच वेळ माझी बोटं नुसती चोळत राहिली. मग म्हणाली, "इन हाथों को कभी छुट्टी दी है? थोडे दिन दे दो. तेल लगाओ, आराम दो. चमडी वापस आती है." तेवढ्यात तिची मुलगी आली आणि दोघी निघून गेल्या. मी तिचं नावही विचारलं नाही. ती पुन्हा कधी दिसली नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं सूप ओढलं, तर त्यांनी ते काढून घेतलं. "आता सुपाले हात लावजो नको. भांडे नको, धुणं नको. मी ना प्राची पाहून घेऊ." मी बसून राहिले. बसून काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं. हात मांडीवर ठेवले तरी बोटं आपोआप वळायची. अंगणात बायका बिड्या बांधत गप्पा मारायच्या आणि मला आपण आजारी असल्यासारखं वाटायचं. शेवटी यांच्या खाटेजवळ जाऊन बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी, हातात काम नसताना मी यांच्याजवळ कधी बसले नव्हते.

सासूबाईंनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून वाटीत आणून ठेवलं होतं. मी ते बोटांना लावू लागले, तर हे म्हणाले, "दे इकडे हात." मला वाटलं, उशी सरकवायची असेल. पण त्यांनी उजव्या हातानं माझं बोट धरलं आणि तेल चोळू लागले. जीभ जड, शब्द ओढून ओढून यायचे. "मले का काम आहे? मी करतो." मग रोज दुपारी तेच. उन्हाची तिरीप खाटेवर यायची, वाटी कोमट व्हायची आणि हे एकेक बोट घेऊन, घाई न करता, चोळत बसायचे. पोती उचलून त्यांचाही हात खरखरीतच होता. मधूनमधून बोलायचे. नवेगावच्या तळ्यावर गेलो होतो ते आठवायचे, प्राचीच्या जन्माच्या वेळी मी घाबरले होते त्यावरून हसायचे. हसताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि ते पदरानं पुसता पुसता मलाही हसू यायचं. आत कुठेतरी काळजात तुटत असायचं. माझ्या बोटांवर रेषा आल्या की मी यांना सोडून जाणार होते, आणि हे स्वतःच्या हातानं त्या रेषा उगवत होते. एकदा मला राहवलं नाही. "राहू द्या जी, उमटले नाही तर बरंच आहे," मी म्हणाले. त्यांनी चोळणं थांबवलं नाही. "तू जाजो," एवढंच म्हणाले. "माह्यासाठी थांबजो नको. पोरीले शिकवजो."

माघ महिन्यात एका दुपारी त्यांनी माझ्या उजव्या हाताची बोटं चोळून संपवली आणि माझा डावा हात घेतला. चोळता चोळता हात मंदावला. डोळे मिटले. थकून झोपले असतील, हात काढला तर जागे होतील, म्हणून मी तशीच बसून राहिले. ऊन खाटेवरून खाली उतरलं. सासूबाई चहा घेऊन आल्या. "काऊन वो, अवघडून कायले बसली?" असं म्हणत त्या जवळ आल्या, यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप त्यांच्या हातातून सुटला. माझा हात अजून यांच्या हातातच होता.

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. लोक आले, गेले. तेरवी झाली. आणि ऑफिसची तारीख जवळ आली. मी प्राचीला म्हटलं, "मी नाही जात आता." कुणासाठी जायचं, असं वाटत होतं. घर सोडायची हिंमतच उरली नव्हती. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मुलाला गमावलेली ती बाई, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, "माह्या पोरानं मरेपर्यंत तुह्या बोटावर मेहनत केली. ते वाया घालवतेस का? जाय. पोरीले मी पाहातो."

प्राची सोबत आली. तेच ऑफिस, तीच थंड हवा. त्या दिवशी समोर त्या मुलाच्या जागी एक मुलगी बसली होती. मी बोटं ठेवली आणि डोळे मिटले. प्रार्थना केली नाही. काय मागावं हेच कळत नव्हतं. "झालं, ताई," ती म्हणाली, "छान आलेत." मी तिला म्हटलं, मला एकदा दाखवाल का? तिनं जरा नवलानं पडदा माझ्याकडे वळवला. मोठ्या मोठ्या दिसत होत्या रेषा, नांगरलेल्या धानाच्या बांधीसारख्या, एकीच्या कुशीत एक. यांनी उगवलेल्या. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. त्या मुलीला वाटलं, आनंदानं रडतेय. तिनं पाणी दिलं.

परवाना आला आहे. जायचा दिवस जवळ आला आहे आणि मला भीती वाटते आहे, ते लपवत नाही. रात्री घर खायला उठतं. दुःख कमी झालेलं नाही. पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. पहिल्याच खेपेला ठसे उमटले असते तर माघापूर्वीच मी निघून गेले असते. हे भिंतीकडे तोंड करून गेले असते आणि मला कुठल्यातरी अनोळखी खोलीत फोनवर कळलं असतं. तसं झालं नाही. हे मातामायनं केलं की नुसतं घडून आलं, पायरीवरची ती बाई कुणी धाडली होती की सहज भेटली, याचा मी वाद घालत नाही. तेवढी माझी समजही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ज्या दिवशी माझं सगळं बुडालं असं मला वाटलं, त्याच दिवसापासून आयुष्यातले सगळ्यात जवळिकीचे दिवस मला मिळाले, आणि ते मिळत असताना मी मायवर रुसून बसले होते.

काल मंगळवार होता. दिवा लावला. प्राचीला सांभाळ, सासूबाईंना सांभाळ, असं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. तिला सांगायची गरज आहे असं वाटेना. हात जोडून म्हटलं, माय, तुला करायचं ते कर. मला कळलं नाही तरी कर.