परीक्षा कधी विचारणाऱ्या मावशी

पोटुशी मुलगी समोर आली की 'कितवा महिना?' असं न विचारता 'परीक्षा कधी आहे?' असं विचारणारी एकच बाई या पृथ्वीतलावर आहे, आणि ती इथे परदेशात, पेंडल हिलला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते. आम्ही त्यांना वरच्या मावशी म्हणतो. मूळच्या वसईच्या, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या आणि चर्चमधून बाहेर पडताना न चुकता फादरशी भांडणाऱ्या. भांडणाचा विषय बारा महिने एकच. शिकणाऱ्या मुलीला दिवस गेले तर तिला मूल की डिग्री असा पेच पडायचाच कशाला? फादर बिचारे म्हणतात, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. मावशी म्हणतात, "प्रार्थना माझी मी करते, तुम्ही चर्चचा हॉल पाळणाघराला द्या." माझा स्वभाव मुळात घाबरट. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम, म्हणजे काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते. अशा बाईच्या वर मावशींसारखी बाई राहायला यावी, यात देवाचा काय हेतू होता ते मला अजून कळलेलं नाही.

मावशी गर्भपाताच्या ठाम विरोधात आहेत आणि तितक्याच ठाम स्त्रीवादी आहेत, त्यामुळे त्यांच्यावर एकाच वेळी दोन्हीकडची माणसं रागावलेली असतात. वर्षाच्या सुरुवातीला यूनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, लॉनवर नव्या मुलांसाठी स्टॉल लागतात. एका वर्षी मावशींना टेबल मिळालं ते नेमकं गर्भपातविरोधी मंडळी आणि स्त्रीहक्कवाल्या मुली यांच्या मधलं. डावीकडच्या गर्भपातविरोधकांनी आधी मोठ्या प्रेमाने त्यांना खुर्ची दिली. मग मावशींनी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला: बाळाला पाजायला प्रत्येक इमारतीत खोली हवी, बाळंतिणीची परीक्षा पुढे ढकलावी, आणि बाळाच्या बापानेही आपली लेक्चर्स बुडवून बाळ सांभाळावं. ती मंडळी हळूहळू सरकली. मग उजवीकडच्या मुली टाळ्या वाजवत आल्या, अर्जावर सह्या केल्या, आणि गर्भपाताबद्दल मावशींचं मत ऐकून त्याही सरकल्या. मावशी त्यांना समजावत होत्या, "पोटातला जीव संपवून बाईचं भलं होतं हे मला मान्य नाही. आणि बाईचं शिक्षण संपवून त्या जिवाचं भलं होतं हेही नाही. तुम्ही चॉइस चॉइस म्हणता, पण दोनातलं एकच दार उघडं असेल तर कसली आलीय चॉइस?" दुपारपर्यंत दोन्हीकडची टेबलं चांगली दहा-दहा फूट लांब गेली होती आणि मावशी मध्ये एकट्याच बसल्या होत्या. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. तर म्हणाल्या, "बरं झालं, प्रॅमला जागा झाली." मला विचाराल तर मावशींचं निम्मं म्हणणं मला पटतं. कोणतं निम्मं, ते दिवसागणिक बदलतं.

प्रॅमची, म्हणजे बाबागाडीची, गोष्ट सांगायलाच हवी. बाळाला घेऊन एखाद्या मुलीला वर्गापर्यंत पोचता येतं का, हे तपासायला मावशी स्वतः प्रॅम ढकलत सगळा कॅम्पस पालथा घालतात. प्रॅम रिकामी असून चालत नाही, कारण रिकामी प्रॅम कुठेही जाते, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून तिच्यात पाच किलो आट्याची पिशवी आणि वर एक किलो तूरडाळ, म्हणजे साधारण चार महिन्यांचं बाळ, आणि वाऱ्याने पीठ उडू नये म्हणून पिशवीला टोपडं. कुठल्या लिफ्टला स्टाफचं कार्ड लागतं, कुठल्या उतारावर चाक अडकतं, लंगोट बदलायची सोय किती इमारतींत नाही, हे सगळं एका वहीत लिहायचं. एकदा गुडघा दुखत होता म्हणून ढकलायला मला नेलं. परत येताना स्टेशनजवळच्या किराणा दुकानातल्या काकूंनी मला पाहिलं, टोपडं पाहिलं, आणि पुढचं सांगायला नकोच. मी घरी पोचायच्या आत पुण्याहून सासूबाईंचा फोन, "आम्हाला कळवायचं तरी होतंस गं!" तूरडाळीचा खुलासा करता करता मला घाम फुटला, आणि वर मावशी विचारतात, "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

घाबरण्यासारखं काय असतं ते मला मागच्या वर्षी मार्चमध्ये कळलं. माझ्या मामेभावाची मुलगी ऋजुता सांगलीहून फिजिओथेरपी शिकायला आली ती आमच्याकडेच राहत होती. शेवटचं वर्ष. शनिवारी दुपारी मी भाजी निवडत होते, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, आय ॲम प्रेग्नंट." माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मुलगा तिच्याच कोर्सचा, एक वर्ष आधी पास होऊन पर्थला नोकरीला गेलेला. त्याने 'तू ठरव, मी आहेच' असा मेसेज पाठवला होता, आणि त्यानंतर तो फारसा नव्हता. दादा-वहिनींना काय तोंड दाखवू हा माझा पहिला विचार. दुसरा विचार, वरच्या मावशींना कळता कामा नये. मुलगी आधीच गोंधळलेली, तिच्यावर आणखी कोणाच्या मतांचं ओझं नको. पोरीला काय हवंय ते तिलाच अजून कळत नव्हतं.

मग आमच्या घरात नऊ दिवस जे चाललं त्याला लपवाछपवी म्हणणंही कमीच. सकाळी ऋजुताला उलट्या व्हायच्या, त्यांचा आवाज पाइपातून वर जाईल म्हणून मी नळ पूर्ण सोडून ठेवायची. जिन्यात मावशी भेटू नयेत म्हणून कचरा टाकायला मी त्यांची शिफ्ट बघून जायची. आल्याच्या वड्या मी ऑफिसच्या बॅगेत लपवून आणल्या. दहाव्या दिवशी बेल वाजली. मावशी दारात, हातात पेजेचं पातेलं. म्हणाल्या, "आणखी किती दिवस पाणी वाया घालवणार आहात?" आणि सरळ आत ऋजुताच्या खोलीत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

माझ्यासमोर एकदाही न रडलेली मुलगी त्या प्रश्नाला हमसून हमसून रडली. परीक्षा नोव्हेंबरात. त्याआधी दहा आठवडे हॉस्पिटलात प्लेसमेंट, म्हणजे पेशंटवर प्रत्यक्ष काम, ते ऑगस्टच्या शेवटापासून. आणि दिवस भरणार ऑक्टोबरच्या शेवटी. मावशींनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "माझं मत तुला ठाऊकच असेल. तरी एकदा सांगते. ठेव. मी आहे. आता दुसऱ्यांदा सांगणार नाही, कारण दुसऱ्यांदा सांगितलं की ती जबरदस्ती होते. तू काहीही ठरवलंस तरी पेज येत राहील." मग उठता उठता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कोणी परीक्षा कधी असं विचारलं नाही. सगळ्यांनी लग्न कधी एवढंच विचारलं." त्यांचं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. मुलगा पुढे इंजिनियर झाला, दुसऱ्या शहरात, पॉइंट कुकला असतो, आईला रोज फोन करतो. त्याच्याबद्दल त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही, आणि त्या राहिलेल्या वर्षाचं दुःखही कधी गेलं नाही. हे दोन्ही एकाच माणसात मावू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतरचे पाच दिवस मावशी खरोखरच काही बोलल्या नाहीत. सकाळी दाराबाहेर पातेलं ठेवायच्या आणि जायच्या. एरवी लिफ्टमध्ये दोन मजल्यांत दोन भांडणं करणारी बाई गप्प, याचीच मला जास्त धास्ती. संध्याकाळी छतावर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाली ऋजुता खिडकीत, वर मावशी येरझाऱ्या घालतायत, आणि मधे मी दोघींच्या वाटची काळजी करतेय. सहाव्या दिवशी ऋजुता म्हणाली, "आत्या, मला बाळ हवंय. पण डिग्री पण हवीय. बोथ." मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन देवाचं नाव घेतलं.

यूनीच्या ऑफिसातल्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, टेक अ इयर ऑफ, नो वरीज. आम्ही बाहेर आलो तसं मावशी म्हणाल्या, "हे नो वरीज म्हणाले की आपण वरी करायला घ्यायची." वर्षभराने येते म्हणून गेलेल्या चार मुली त्यांना माहीत होत्या, चौघींतली एकही परत आली नव्हती. शिवाय ऋजुताचा स्टुडंट व्हिसा, शिक्षण थांबलं की तोही धोक्यात. ही प्लेसमेंट हुकली की डिग्री हुकली, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. मावशींनी पत्रांचा सपाटा लावला. आपण काही वेगळं मागत नाही, पाय मोडलेल्या मुलाला देता तेवढंच द्या: प्लेसमेंट दोन तुकड्यांत, निम्मी बाळंतपणाआधी, निम्मी नंतर, घराजवळच्या हॉस्पिटलात, आणि परीक्षा इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत. शेवटी कमिटीने बोलावलं. मावशी वही घेऊन, ठेवणीतला कोट घालून आल्या. ऋजुता आत गेली, आम्ही कॉरिडॉरमध्ये. मावशी वहीचं एकच पान पुन्हा पुन्हा उघडत होत्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक ऐकला. "मी पोरीला दोन्ही होईल म्हणून सांगून बसलेय गं. नाही झालं तर?" जिच्या जिवावर मी निर्धास्त व्हायला शिकत होते, तीच बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, आणि तरीही आली होती.

पाचव्या महिन्यात ऋजुताने घरी सांगितलं. दादा दोन महिने बोलला नाही. वहिनी रडल्या, आणि मग त्यांनी तिकीट काढलं. कमिटीचं उत्तर यायला सहा आठवडे लागले, त्या सहा आठवड्यांत माझे केस गळले. मंजूर झालं, तेही कुरकुरत. मुलगी झाली. लेक तीन महिन्यांची असताना ऋजुता पुन्हा हॉस्पिटलात कामावर जायला लागली. एका पेपरात नापास झाली, पुन्हा बसली, आणि पास झाली.

पदवीदानाला दोनच पाहुणे आत नेता येत होते. एक तिची आई, दुसरी मी. मी माझं तिकीट मावशींच्या हातात कोंबायला गेले, तर त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "आत हिने भोकाड पसरलं आणि कोणी काही बोललं, तर मला भांडावं लागेल. आज मला भांडायचं नाहीये." वहिनींनी त्यांना नमस्कार केला, शेजारच्या मावशी म्हणून. त्यापेक्षा जास्त काही ऋजुताने आईला सांगितलं नव्हतं, आणि मावशींनीही नको म्हटलं होतं. त्यांनी मदत केलेल्या सगळ्याच मुली पुढे निघून जातात, फोन करत नाहीत. मावशींचा आवाज ऐकला की त्यांना आयुष्यातले ते वाईट दिवस आठवत असतील. "विसरल्या म्हणजे बऱ्या आहेत," असं मावशी म्हणतात, पण फोन वाजला की आधी त्याच धावतात.

ऋजुताचं नाव पुकारलं, ती झगा सावरत स्टेजवर गेली, वहिनींनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मी तशीच उठून बाहेर आले. मावशी बंद दाराजवळ उभ्या होत्या, बाळ खांद्यावर झोपलेलं. आतून टाळ्यांचा आवाज आला की त्या बाळाच्या पाठीवर हळूच थोपटत होत्या, थांबत होत्या, पुन्हा टाळ्या, पुन्हा थोपटत होत्या. मी म्हटलं, "मावशी, झालं तिचं. आत्ताच झालं."

"हो?" त्या म्हणाल्या. "इथे नावं ऐकू येत नाहीत गं. म्हणून मी आपली सगळ्यांसाठीच टाळ्या वाजवत बसले."