शुक्रवारची शेवटची ओळ

शुक्रवारी शेवटच्या तासाला पद्मिनी मिस खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "हं, टाइप कर." मग दुसरीपासून त्यांच्याकडेच असलेला तिसरीचा वर्ग आठवडाभरात काय शिकला ते त्या सांगत आणि मी ते फोनवर इंग्रजीत उतरवून पालकांच्या ग्रुपवर टाकत असे. हातच्याची वजाबाकी, पानांचे प्रकार, कावेरीला मिळणाऱ्या नद्या. असे निरोप सगळ्याच शाळांतून येतात, त्यांत फुलं आणि फुगेही असतात. आमच्या निरोपाला फुलं नव्हती. त्याच्या शेवटच्या ओळीत एका मुलाचं नाव असायचं आणि पुढे लिहिलेलं असायचं, की याला हे अजून आलेलं नाही.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो, आणि जयलक्ष्मीपुरमातल्या या लहानशा शाळेत मला मदतनीस शिक्षिकेचं काम मिळालं. पद्मिनी मिसचं घराणं चार पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण तिच्यात एवढं कन्नड मुरलेलं, की पहिले दोन महिने मी त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवायची आणि अर्थ नंतर लावायची. मुलांशी त्या कन्नड-इंग्रजीत बोलत, चिडल्या की माझ्याशी मराठीत.

जीभ मात्र कुठल्याही भाषेत तिखट. एक आई तक्रार घेऊन आली, की पोराचं नाव असं चारचौघांत कशाला? मिस म्हणाल्या, "वर्गात चारचौघांतच आलं नाही, अल्वा, हो की नाही? मग ग्रुपवर लपवून काय करू मा?" एका आजोबांनी सांगितलं, की नातू घरी फार हुशार आहे. "मग काही दिवस घरीच ठेवा. हुशारी शाळेपर्यंत यायला लागली की पाठवा." पाढा न येणारं पोर रडायला लागलं, तर त्या हातातलं पुस्तक मिटून स्वस्थ बसायच्या. "रड, सावकाश रड. सुम्ने, उगाच घाई नको. तुझं झालं की आपण सातचा पाढा घेऊ."

मला हे सगळं ऐकायला मजा यायची, आणि पालकांनाही यायची. शुक्रवारी निरोप पडला की आया सगळ्यात आधी खालची ओळ वाचत. आपलं नाव नाही म्हटल्यावर ज्याचं नाव असेल त्याच्याविषयी हळहळत, आणि ती हळहळ कशी गोड असते हे मी आमच्या सोसायटीच्या जिन्यात पुष्कळदा ऐकलं आहे. शाळेत पोराला कोणी बोट लावलं तरी मोर्चा आणणारी ही माणसं, या ओळीवर दोन वर्षं खूश होती.

त्या ओळीची दुसरी बाजू कोणाला फारशी माहीत नव्हती. ज्याचं नाव येईल त्या मुलानं सोमवारी घंटेच्या अर्धा तास आधी यायचं. दार लोटून घेऊन मिस त्याला एकट्याला शिकवायच्या. मी एकदा फडकं घ्यायला आत गेले तर त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, समोर चिंचोक्यांचे ढीग, आणि आवाज इतका मऊ, की मी दुसऱ्याच कोणाच्या वर्गात शिरले असं वाटलं. पुढच्या शुक्रवारी निरोपाच्या पहिल्या ओळीत त्याच मुलाचं नाव असायचं, की याला आता येतं. "नाव घेतल्याशिवाय शिकवलं तर ते भिंतीला शिकवल्यासारखं," असं त्या म्हणायच्या. पहिली ओळ पालक क्वचितच वाचत.

माझी मुलगी इरा त्याच वर्गात होती. घड्याळाचा आठवडा आला. मिसनी लाकडी घड्याळ आणलं होतं, काटे हातानं फिरवायचे. इरा लहान काटा मोठा समजायची, मोठा लहान. पावणेसहाला ती साडेनऊ म्हणाली तेव्हा वर्ग हसला आणि मीही हसल्यासारखं केलं. घरी शिकवू म्हटलं. घरी शिकवलं नाही.

शुक्रवारी मिसनी डोळे मिटले. "टाइप कर. या आठवड्यात घड्याळ. सव्वा, साडे, पाऊण. शेवटची ओळ. इराला घड्याळ अजून आलेलं नाही." त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, आणि मला त्याचाच राग आला. दोन वर्षं मी त्यांचा डबा गरम करून देत होते. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नसत, आणि काय लिहिलंस ते दाखव, असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मी इराच्या जागी चैत्राचं नाव लिहिलं आणि निरोप पाठवून दिला.

चैत्राच का, ते मला नीट माहीत आहे. ती रोज नंजनगूडहून सकाळच्या गाडीनं यायची. आई विद्यापीठाजवळच्या एका हॉस्टेलात स्वयंपाक करायची, ती येता-जाता मुलीला आणायची आणि न्यायची. वडील कडकोळला कारखान्यात होते. त्यांचा नंबर ग्रुपवर होता, पण ते कधी काही बोलत नसत, साधा नमस्कारही टाकत नसत. मला वाटलं, हा माणूस वाचतच नसेल. वर्गात जिचा दिवस खरोखर घड्याळावर चालायचा अशी ती एकटीच मुलगी होती. गाडी चुकली तर शाळा चुकायची. अख्ख्या वर्गात घड्याळ तिला सगळ्यात आधी आलं होतं.

सोमवारी मिस लाकडी घड्याळ मांडीवर घेऊन अर्धा तास वाट पाहत बसल्या. कोणीच आलं नाही. घंटा झाल्यावर त्यांनी वर्गात विचारलं, "इरा, तू का आली नाहीस?" इरानं काही सांगायच्या आत सगळी मुलं एका सुरात म्हणाली, की मिस, नाव तर चैत्राचं होतं. चैत्राचा बाक रिकामा होता.

मी म्हणाले, "मिस, टायपिंगमध्ये चूक झाली."

"हौदा? खरंच?" त्या चिडून त्यांच्या त्या मराठीत म्हणाल्या. "इरा आणि चैत्रा. तुझ्या फोनमध्ये शेजारीशेजारी राहतात अंते, म्हणे?"  इराला मधल्या सुट्टीत बोलावून त्यांनी घड्याळ शिकवलं. तीन दिवसांत तिला आलं.

दुपारी चैत्राची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. वडील वाचत नव्हते हे खरंच होतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दर शनिवारी चहाच्या सुट्टीत कारखान्यातला एक सोबती तो निरोप मोठ्यानं वाचायचा आणि कन्नडमध्ये सांगायचा. माझी मुलगी या आठवड्यात हे शिकली, असं म्हणून ते सगळ्यांना ऐकवायचे. त्या शनिवारीही ऐकवलं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, की एवढ्या लांब पाठवून साधं घड्याळ येत नसेल, तर दारासमोरची शाळा काय वाईट आहे? पोरीनं सांगितलं, की मला येतं. तर खोटं बोलते म्हणून तिला मारलं. आईनं हे सांगताना आवाजही चढवला नाही. मिसनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी रजिस्टर शोधत असल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिस मला घेऊन बसनं नंजनगूडला गेल्या. वडिलांनी दोन खुर्च्या मांडल्या, शेजारून दूध आणवलं. मिस कन्नडमध्ये म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुमच्या मुलीइतकं घड्याळ वर्गात कोणालाच येत नाही." ते उभेच होते. "तुम्ही वयानं मोठ्या. माफी मागू नका. पण मी ते कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं. आता इथल्या शाळेत नाव घातलंय."

"तिलाच विचारते. तुम्ही ऐका," मिस म्हणाल्या. चैत्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, गाल अजून सुजलेला. मिसनी पिशवीतून लाकडी घड्याळ काढलं, काटे फिरवले आणि सव्वापाच करून तिच्यासमोर धरलं. "किती वाजले, पुट्टी?"

चैत्रानं घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे. "मला येत नाही, मिस," ती म्हणाली.

मिसनी काटे साडेचारवर आणले. ती म्हणाली, येत नाही. बरोबर बारा वाजवले. येत नाही. चौथ्यांदा त्यांनी घड्याळ फिरवलं नाही, पिशवीत ठेवलं. बाप म्हणाला, "बघा." मी तिथं तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी चहा संपवला.

परतीच्या बसमध्ये मिस म्हणाल्या, "टाइप कर. गेल्या शुक्रवारी चैत्राचं नाव चुकून आलं. तिला घड्याळ उत्तम येतं. चूक पद्मिनीची." मी टाइप केलं. या वेळी नाव बरोबर लिहिलं आहे का ते त्यांनी शेजारच्या प्रवाशाकडून वाचून घेतलं.

मग ग्रुपवर जे सुरू झालं ते दोन वर्षांच्या सगळ्या हळहळीचं व्याज होतं. बाईंना दिसत नाही, बाईंचं वय झालं, आमच्या मुलाचंही नाव तेव्हा चुकूनच आलं असणार. ज्यांची ज्यांची नावं कधी आली होती ते सगळे आता निर्दोष ठरले. शाळेनं निरोप बंद केला आणि वर्ष संपताच मिसना निरोप दिला. हार घातला, माइकवरून मी भाषण केलं. चांगलं केलं, असं सगळे म्हणाले.

त्या दिवशी त्यांचं कपाट रिकामं करताना मी अखेर विचारलं. "मिस, तुम्ही स्वतःवर का घेतलंत? माझं नाव का नाही घातलंत?" माफीसारखं काहीतरी ऐकायला मिळेल असं मला वाटत होतं, हे लपवत नाही.

त्या चिंचोके एका डब्यात भरत होत्या. "तुला वाचवायला नाही मा. ज्याचं नाव घातलं त्याला सोमवारी शिकवावं लागतं. तुला शिकवायला बसले असते तर माझे सगळे सोमवार गेले असते. साकु, पुरे झालं."

डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. अजूनही त्या याच भागात राहतात. भाजीच्या गाडीपाशी भेटल्या की इराची चौकशी करतात आणि मी आणखी काही बोलायच्या आत पुढे जातात.