पांगाऱ्याची मासोळी

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव शहागडपासून कोसभर, गोदावरीच्या काठावर. मी सुतार, नांगर, तिफणी, गाडीची चाकं, दारं असं सगळं करायचो. त्या उन्हाळ्यात माझी बायको मुदतीच्या तापातून उठली. उठली म्हणायचं इतकंच. ताप गेला, पण अंगात काही राहिलं नव्हतं. भाकरीचा वास आला तरी तोंड फिरवायची. शहागडच्या हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "मरळ का शोरबा पिलाव. दवा से कुछ नहीं होता अब. कमजोरी बढी तो फिर बुखार पलटेगा."

ताप उलटला तर ती वाचणार नव्हती. ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

नदी आटून डोह तेवढे उरले होते. आमच्या डोहात मरळ मासळी होती. संध्याकाळी ती वर येऊन हवा घ्यायची तेव्हा पाण्यावर तिचं काळं डोकं दिसायचं. पण त्या डोहाच्या तळाला पुरात वाहून आलेल्या बाभळी अडकल्या होत्या. भोयांच्या म्हाताऱ्याला मी जाळं टाकायला सांगितलं, तर तो हसला.

"जाळं फाडून घ्यायचं का मला? गळ टाक."

"टाकला. गांडुळं लावली. बघती अन् जाती."

"ती असलं न्हाई खात बाबा. पळणारं पाह्यजे तिला. बेडूक लाव."

"या उन्हात बेडूक कुठून आणू? सगळे चिखलाखाली गेले."

"मंग कर की एखादा. सुतार हायस ना?"

त्यानं थट्टा केली होती. मी मात्र घरी येऊन पांगाऱ्याचं लाकूड शोधलं. हलकं असतं ते, त्याची पोरांना खेळणी करतात. बोटाएवढी मासोळी कोरली, कानशीनं घासून गुळगुळीत केली आणि बोटावर तोलून पाहिली. डोकं आणि शेपूट अगदी बराबर तोललं. मला ती फार आवडली. डोहात टाकून दोऱ्यानं ओढली तर ढलपी वाहत यावी तशी आली.

मग पोटात खिळा ठोकला. मासोळी पाण्याखाली गेली, पण सरळ रेषेत. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तोंडाखाली जिभेसारखा बसवला, तर ती गरगर फिरायला लागली. तिचे दोन तुकडे करून मध्ये सांधा दिला. तो सांधा मी असा घट्ट बसवला की केससुद्धा आत जाऊ नये. पाण्यात ती तरी ताठच राहिली. सुताराच्या हाताला दुसरं काही येतच नाही. माझ्या वडिलांनी मला आयुष्यभर एकच शिकवलं होतं, की हलतो तो सांधा नव्हे. हललेल्या सांध्याचं दार गिऱ्हाईक परत आणून टाकतं.

दिवस असे जात होते आणि बायको खाटेवर वाळत होती. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी मासोळी करत होतो, हे मला दिवसातून पुष्कळदा आठवावं लागायचं.

एके सकाळी मी उंबऱ्याजवळ लाकूड घेऊन बसलो होतो. ती पाणी प्यायला म्हणून खाटेवरून उतरली आणि रांजणाकडे निघाली. मला हाक मारली नाही. मी मान वर केली आणि तसाच राहिलो. तिचं डोकं आधी एका बाजूला जायचं. खांदा मागून यायचा, कंबर त्याच्याही मागून. सगळं अंग त्या बाजूला कलायचं. आता पडणार असं वाटायचं, तेवढ्यात डोकं दुसऱ्या बाजूला गेलेलं असायचं आणि अंग त्याच्यामागे वळायचं. पडणं आणि सावरणं वेगळं नव्हतंच. पडता पडताच ती पुढे सरकत होती. मी मासे लहानपणापासून पाहत आलो, पण मासा कसा चालतो ते मला त्या क्षणी दिसलं.

रांजणाशी पोचायच्या आत ती भिंतीला घसरून खाली बसली. हातातला तांब्या दूर गेला. मी उठलो तो पटाशी घ्यायला.

माझी चुलती आतून धावत आली. तिला काखेत धरून उठवताना म्हणाली, "अरे, बायको पडली अन् तू लाकूड काय कोरून राह्यला? माणूस हायस का कोण?"

मी ऐकलं. हात थांबला नाही. घट्ट सांधा फोडला, तारेच्या दोन कड्या एकमेकींत अडकवल्या आणि मुद्दाम ढिल्या ठेवल्या. खिळा डोक्याकडे सरकवला, पत्र्याची जीभ जरा तिरपी केली. पोटाखाली गळ बांधला आणि मरळीच्या दातांनी दोरा तुटू नये म्हणून तोंडाशी वीतभर तार लावली.

संध्याकाळी डोहात टाकली. दोरा ओढला आणि लाकूड जिवंत झालं. डोकं गेलं, शेपूट मागून आली, पोट चमकून पुन्हा काळं झालं. माझ्याच हातातला दोरा, पण आपण ओढतोय असं वाटेना. मी गळ विसरलो, मरळ विसरलो, घरी कोण पडलंय तेही विसरलो. नुसती ओढत राहिलो, परत टाकत राहिलो. देवळातसुद्धा मला कधी तसं वाटलं नाही.

मग बाभळीच्या बाजूचं पाणी फुगलं आणि हाताला असा हिसका बसला की दोऱ्यानं तळवा कापला. मरळ हातभर होती. काठावर आणली तेव्हा ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत श्वास घेत होती.

बायकोनं पहिल्या रात्री चार घोट रस्सा घेतला, दुसऱ्या दिवशी वाटीभर. नंतर भाकरी मागितली. आणखी एक मरळ त्याच मासोळीवर मिळाली. पाऊसकाळ लागायच्या आधी बायको एकटी नदीवर धुणं घेऊन आली, सरळ पावलं टाकत. मी काठावर होतो. म्हणाली, "दाखवा की ती तुमची मासोळी. सगळा गाव बोलून राह्यला."

मी टाकली, ओढली. ती बराच वेळ पाहत होती.

"परत वढा," म्हणाली. मी परत ओढली.

"त्या दिशी मी पडले, तवा तुम्ही माझ्याकडंच बघत होते ना?"

"हो."

"मंग हात का न्हाई दिला?"

मी म्हणालो, "बघतच राहिलो." दुसरं काही खरं नव्हतं.

तिनं माझ्या हातातला दोरा घेतला. स्वतः एकदा ओढून पाहिली. लाकूड तिच्याकडे कलत, सावरत, पुन्हा कलत येत होतं. पायाशी आल्यावर तिनं मासोळी उचलली, पदरानं पुसून माझ्या हातात दिली आणि धुणं बडवायला बसली.