दोन दारं, एक आकडा

आबेदाबाई मणियारांसारखी प्रोग्रामर मी दुसरी पाहिली नाही, आणि त्यांना नोकरीवरून घालवण्यात माझा हात होता. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मी भला माणूस आहे असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

कसबा पेठेत त्यांच्या वडिलांचं, करीमभाईंचं, बांगड्यांचं दुकान. लग्नसराईत दोन्ही काका गिऱ्हाइकांवर असत. प्रत्येक पेटीच्या झाकणावर आत किती डझन शिल्लक आहेत तो आकडा खडूने लिहिलेला असे, आणि करीमभाईंचा नियम होता, की दुकानात खडू एकच. ज्याच्या हातात खडू त्याने आकडा वाचायचा, बांगड्या काढायच्या, नवा आकडा लिहायचा आणि मगच खडू सोडायचा. मध्ये दुसऱ्याने पेटीला हात लावायचा नाही. कॉलेजात अ‍ॅटॉमिक ऑपरेशन, म्हणजे मध्येच तोडता न येणारी क्रिया, शिकवलं तेव्हा आबेदाबाईंना नवल वाटलं ते एवढंच, की यावर लोक पुस्तकं लिहितात.

आमची कंपनी कर्वे रोडला, एका मिठाईच्या दुकानावर. २००५ साली शहराबाहेरच्या एका शीतगृहाचं काम आलं. उणे वीस अंशांची मटारची खोली, तिला दोन दारं. कामगार कार्ड दाखवून आत गेला की आकडा एकाने वाढायचा, बाहेर आला की एकाने कमी व्हायचा. आकडा शून्य झाला की दिवे बंद, दारं बंद, गार हवेचे पंखे पूर्ण वेगात. दोन दारांसाठी प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन धागे, होते, आणि दोघं मिळून एकच आकडा सांभाळायचे.

यात मेख कुठे आहे ते आबेदाबाईंना पहिल्या दिवशी कळलं. समजा आकडा पाच आहे. एका दाराने पाच वाचला. त्याने सहा लिहिण्याआधीच दुसऱ्या दारानेही पाच वाचला. दोघांनी सहा लिहिला. आत गेली दोन माणसं, वाढलं एकच. म्हणून त्यांनी आकडा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या दोन्ही ओळी अशा लिहिल्या, की वाचणं, बदलणं आणि लिहिणं एका दमात व्हावं, मध्ये कोणाला शिरता येऊ नये.

पुढे ग्राहकाची तक्रार आली, प्रोग्राम संथ चालतो. आमचे मॅनेजर यज्ञेश्वर सर मला म्हणाले, "श्यामसुंदर, ही बाईंची सोवळ्यातली बेरीज काढा. साधं अधिक एक, उणे एक करा. दोन दारं आहेत हो, महाद्वार नाही." संथपणा खरं तर रिपोर्टच्या छपाईत होता. त्या ओळी सेकंदाच्या कोटीव्या हिश्शाइतकाही वेळ खात नव्हत्या. मला ते ठाऊक होतं. पण पगारवाढीचे दिवस होते, म्हणून मी ओळी बदलल्या आणि आबेदाबाईंना सांगितलं नाही. आमच्या मशीनवर काहीच बिघडलं नाही, कारण त्यात प्रोसेसर एकच होता, एका वेळी एकच थ्रेड चालायचा.

मग कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद ठेवणारी जुनी व्यवस्था बंद करून नवी आणायचं ठरलं. जुन्या नोंदी नेणं वेळखाऊ, म्हणून सर म्हणाले, फक्त आजचा कोड न्या. असलं हमालीचं काम कोणालाच नको असतं. ते आबेदाबाईंकडे गेलं. त्यांनी एका शनिवारी एकटीने सगळा कोड नव्या जागी चढवला. साहजिकच लाखभर ओळींपुढे एकच नाव उमटलं: आबेदा मणियार. जुन्या नोंदींचं मशीन भंगारात गेलं.

पुढच्या वर्षी शीतगृहाने दोन प्रोसेसरचं नवं मशीन घेतलं. जेवणाची सुट्टी संपली आणि मच्छिंद्र नावाचा हमाल एका दाराने, दुसरा कोणी दुसऱ्या दाराने, एकाच क्षणी आत गेले. तासाभरात बाकीचे बाहेर आले आणि पडद्यावर शून्य आलं. आतून मच्छिंद्र घंटा वाजवत होता. बाहेरच्या सुपरवायझरने पडदा पाहिला, "आत कोणी नाही, घंटाच बिघडली," म्हणाला आणि तिची वायर काढून ठेवली. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. मच्छिंद्र वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत सरांनी त्या ओळी पडद्यावर दाखवल्या. पुढे नाव होतंच. आबेदाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी हे असं लिहिलं नव्हतं. कोणी बदललं?" खोलीत आम्ही सहा जण होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आठवडाभराने त्यांना काढलं, आणि ग्राहकाला पत्र गेलं, की दोषी व्यक्तीवर कारवाई झाली आहे. पत्रात नावही होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोराला त्या वर्षी बारा टक्के पगारवाढ.

त्यानंतर कुठल्याही कंपनीने त्यांना घेतलं नाही. अशा बातम्या पुण्यात पोस्टाच्या आधी पोहोचतात.

अकरा वर्षांनी मी कसब्यात त्यांच्या दुकानात गेलो. त्या एका नव्या नवरीला चुडा भरत होत्या. नवरी जाईपर्यंत मी उभा राहिलो आणि मग म्हणालो, "आबेदाबाई, त्या ओळी मी बदलल्या होत्या."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "चौकशीच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागलात."

"मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्ही तोंडावर नाही म्हणाला असतात. तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती."

मी माफी मागितली. त्यांनी बांगड्यांवरची धूळ पुसली. "तेव्हा मी दवाखान्यात गेले होते," त्या म्हणाल्या. "मच्छिंद्रची बायको, विजयमाला, तिला शीतगृहवाल्यांनी ते पत्र दाखवलं होतं. माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने बोटं मोजली. मोठ्याने. दहा भरली तशी म्हणाली, 'जा आता.' तुम्ही मला काय सांगताय? मच्छिंद्र आता वारज्याला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. त्याला सांगा, तिला सांगा."

त्यांनी सोसायटीचं नावही सांगितलं. मी जातो म्हणालो.

माझं घर वारज्यातच आहे. ती सोसायटी आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, ऑफिसच्या वाटेवर. आता ऑफिसला जाताना मी लांबच्या रस्त्याने जातो.