साहेबाची अंघोळ

सोफेवाल्याचं लग्न चाळिशी उलटल्यावर झालं. तोवर त्याला कामाखेरीज दुसऱ्या कशाची सवयच नव्हती. लोकांचे बसून बसून खचलेले सोफे आणायचे, जुनं कापड उसवायचं, स्प्रिंगा बदलायच्या, फोम भरायचा आणि नवं कापड ताणून ठोकायचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बायको मिळाली ती नवऱ्याने टाकलेली, पदरी आठ-दहा वर्षांचा मुलगा असलेली. पहिल्याच भेटीत तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "माझ्याबरोबर हा येणार. हा वाढेल, पण सुटा होणार नाही. दाढीमिशा आल्या तरी याला भरवावं लागेल, धुवावं लागेल. आत्ताच विचार करा, मागाहून तोंड वाकडं करायचं नाही."

त्याने फारसा विचार केला नाही. "चालेल," म्हणाला.

मुलाला 'साहेब' हे नाव दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दिलं. दुरुस्त झालेल्या सोफ्यावर आधी तो जाऊन बसायचा, दोन्ही हात पसरून, आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. "साहेबांनी पास केला का?" असं विचारून गिऱ्हाईक माल न्यायचं. साहेब वाढला, रुंद झाला, सोफेवाल्यापेक्षा वीतभर उंच झाला. त्याच्याजवळ मोजकेच शब्द होते. आई, चहा, नको, गाडी. सोफेवाल्यासाठी मात्र त्याच्याकडे शब्द नव्हता. दोघांचं वाकडं नव्हतं, पण एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखे ते एकमेकांना वाट देत वावरायचे.

कारण साहेबाचं सगळं आईच करायची. सकाळी त्याला घेऊन बाथरूममध्ये जायची आणि दार लावून घ्यायची. "मोठा झालाय तो, त्यालाही लाज आहे," म्हणायची. आतून पाण्याचा आवाज यायचा, तिचं पुटपुटणं यायचं, कधी साहेबाचं हसू. थोड्या वेळाने साहेब भांग पाडून बाहेर यायचा. आत काय चालतं हे सोफेवाल्याने कधी विचारलं नाही. त्याला विचारायची गरजच पडली नव्हती.

मग एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती आडवी झाली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेली, तिथे डोळेसुद्धा न उघडता गेली. चार दिवस माणसांचा राबता राहिला, मग जो तो आपापल्या वाटेला लागला. घरात दोघेच उरले.

भरवणं जमलं. कपडे ओढूनताणून जमले. अंघोळीपुढे मात्र सोफेवाल्याने हात टेकले. अंगावर तांब्या ओतला की साहेब असा ओरडायचा की शेजारी दार वाजवायचे. गरम पाणी, गार पाणी, बसवून, उभं करून, सगळं करून झालं. एकदा साहेबाने असा धक्का दिला की सोफेवाल्याचं कोपर नळावर आपटून सुजलं. त्याने शेजारच्या बाईंना विचारलं, "ती कशी घालायची याला अंघोळ? तुम्हाला कधी बोलली होती का?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "ती कुणाला आत घेत होती?"

जिला विचारायचं ती नव्हती. तिच्याबरोबर काय काय गेलं याचा अंदाज त्याला आता रोज थोडा थोडा येत होता. तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि साहेब ओल्या अंगाने कोपऱ्यात बसून दाराकडे बघायचा. "आई?" म्हणायचा.

एका सकाळी साहेबाने दुकानातला फोमचा तुकडा उचलला, तो हातातून सोडेना. सोफेवाल्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. तुकड्यासकट त्याला आत नेलं. साहेबाने तुकडा बादलीत बुडवला आणि स्वतःच्या गुडघ्यावर पिळला. पाणी ओघळलं. तो ओरडला नाही. पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. मग पोटावर, मग खांद्यावर. सोफेवाला श्वास रोखून बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हळूच साबण पुढे केला, तोही साहेबाने लावू दिला. आई असं करत नसणार, हे त्याला कळत होतं. हे त्या दोघांचं नवंच काहीतरी होतं.

बाहेर आल्यावर हे कुणालातरी सांगावं असं त्याला फार वाटलं. दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं.

"आज उशीर?"

"हो, झाला जरा," सोफेवाला म्हणाला आणि कुलूप काढायला लागला.

काही महिन्यांनी मेहुणा आला. भला माणूस. चहा घेतल्यावर घसा खाकरून म्हणाला, "भाऊजी, रागावू नका. ताई होती तोवर गोष्ट वेगळी. आता तुम्ही एकट्याने किती ओढणार? रक्ताचा तर मी आहे. याला घेऊन जातो."

"वहिनींना चालेल?"

"तीच म्हणाली."

सोफेवाल्याला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटलं म्हणून चोरट्यासारखंही. त्याने साहेबाचे कपडे भरले, वर फोमचे दोन तुकडे ठेवले. अंघोळीचं मेहुण्याला समजावून सांगितलं. मेहुणा मान डोलावत होता, पण त्याचं लक्ष बसच्या वेळेकडे होतं. साहेब गाडीच्या आनंदात होता. बसमध्ये खिडकीशी बसला, मागे वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर घर खायला उठलं. बायको गेली तेव्हा रडायलाही सवड नव्हती, आता सवडच सवड होती. सकाळी वेळेवर दुकान उघडायचा. एक स्वयंपाक दोन वेळा पुरायचा. तयार झालेला सोफा दुकानात तसाच रिकामा उभा असायचा आणि गिऱ्हाईक काही न विचारता घेऊन जायचं. ओळखीचे म्हणायचे, "सुटलात हो एकदाचे." तो हसल्यासारखं करायचा.

फोनवर त्याने मेहुण्याला विचारलं, "माझी आठवण काढतो का?"

"आई कुठेय विचारतो, भाऊजी."

"बरं. जेवतो ना नीट?"

"जेवतो."

सुट्टीच्या दिवशी न राहवून तो भेटायला गेला. दार वहिनींनी उघडलं. मनगटाला पट्टी होती. "पडले," म्हणाल्या. साहेब आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. केसांच्या जटा झालेल्या, अंगाला वास मारत होता. त्याने सोफेवाल्याकडे बघितलं, मग त्याच्या पिशवीकडे. मिठी नाही, काही नाही.

"फोम कुठेय?" सोफेवाल्याने विचारलं.

वहिनी कानकोंड्या झाल्या. "कचरा वाटला, भाऊजी. टाकून दिला."

पिशवीत एक तुकडा होता. येताना त्याने सहजच टाकला होता. त्याने साहेबाला उठवलं, बाथरूममध्ये नेलं आणि मेहुण्याला म्हणाला, "तूही आत ये."

"मी? तो लाजेल ना."

"लाजेल. पण उद्या मी नसलो तर तू दाराबाहेर उभा राहून काय करणार? बघ, शिकून घे."

मेहुणा दाराशी पाठ टेकून उभा राहिला. साहेबाने फोम बुडवला, पिळला. मेहुणा मध्येच तांब्या उचलायला गेला तेव्हा सोफेवाल्याने त्याचा हात धरला. "घाई नाही करायची. त्याचं त्याला करू दे. मान फिरव थोडी, टक लावून बघू नकोस." फरशीवर पाणीच पाणी झालं. मेहुण्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. शेवटी केसांवर पाणी घ्यायला साहेब तयार झाला, तेव्हा मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी, मला नाही वाटत मला जमेल."

"मलाही वाटलं नव्हतं."

दुपारी जेवताना ठरलं. साहेब सोफेवाल्याकडे राहणार. मेहुण्याने महिन्याकाठी येऊन दोन दिवस राहायचं आणि अंघोळ त्याने घालायची. ठरलं असं कुणी म्हणालं नाही, पण वहिनी उठून साहेबाचे कपडे गोळा करायला लागल्या. त्यांचे डोळे भरले होते. सुटकेने की लाजेने, कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये साहेब सोफेवाल्याच्या खांद्यावर झोपला. एवढा जड की हाताला मुंग्या आल्या. पलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मुलगा का?"

"माझ्या बायकोचा."

"त्या नाही आल्या?"

"नाही," सोफेवाला म्हणाला. म्हातारा पुढे काही विचारेल म्हणून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्याने पेपर उघडला.

घरी पोचल्यावर त्याने बटाटे उकडले, अंडी केली, साहेबाला भरवायला बसला. एकेक घास देता देता दिवसभराचं सांगायला लागला. मेहुण्याची पँट कशी भिजली, तो साबणावरून कसा घसरता घसरता वाचला. बायकोला सांगायचा तसंच, हातवारे करून. साहेब चावत होता. मध्येच त्याने तोंड बंद केलं, म्हणजे पोट भरलं होतं. उठून तो खिडकीशी गेला आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा राहिला.

सोफेवाल्याने उरलेला घास स्वतः खाल्ला. सांगायचं अर्धं राहिलं होतं. ते त्याने भांडी घासताना मनातल्या मनात पुरं केलं.