पट्ट्यांचं झाड

आमच्या नाचणगावच्या घरी दारांना लाकडी पट्ट्या बसवायला एक म्हातारे मिस्त्री आले होते. दुपारच्या सुटीत ते उरलेले तुकडे एका फळीवर चिकटवत. हळूहळू त्यातून झाड उभं राहिलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली आणि टोचणारी एक कड घासून काढली.

“डोळे काऊन मिटले, काका?” मी विचारलं.

“घरवालीले दिसत नाई. दारातला कडुनिंब रस्त्यात गेला. कोणी सांगतलं नाई, पण सावली गेली तवा तिले समजलं. आता भिंतीवर लावून देतो.”

खोडावर त्यांनी मुद्दाम एक गाठ ठेवली होती.

“इथं हात टेकून ती माही वाट पाहे,” ते म्हणाले.

ते गेल्यावर मी अंगणात गेलो. आमच्या कडुनिंबाला मी आजवर कधी हात लावला नव्हता.