बॉनेटवरचा डबा आणि गणिताची मेथड

"इथं गणिताची मेथड नाही," असं म्हणून खिडकीतल्या क्लार्कनं आमची मार्कशीट परत सरकवली.

साताऱ्याचं ते कॉलेज मीच निवडलं होतं. फी कमी, आणि माझा मेव्हणा त्याच गावात राहायला, म्हणजे सुनेचा राहण्या-जेवणाचा खर्च वाचला. घरात ठणकावून सांगितलं होतं, "बी.एड. ते बी.एड. कुठनं बी करा." आता तोंड वाकडं करून उभा होतो.

"मग काय हाय तुमच्याकडं?"

"मराठी आहे, इतिहास आहे. घ्या त्यातलं काहीतरी. सर्टिफिकेट तेच मिळतं."

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी म्हसरामागं गेली. मेथड म्हणजे काय, मला काय कळणार? शालन, म्हणजे माझी सून, बाजूला सरकून हळूच म्हणाली, "मामंजी, बी.एड.ला दोन विषय धरायचे असतात. ते मुलांना कसे शिकवायचे, ते तिथं शिकवतात. मला गणितच पाहिजे. दुसरं काय घेतलं तर गावच्या हायस्कुलातली जागा गेली."

मी एस.टी.चा ड्रायव्हर. चटकन समजलं. लाइटचं लायसन निराळं, हेवीचं निराळं. लाइटवाल्याच्या हातात मी माझी गाडी दिली नसती. मार्कशीट उचलली आणि म्हणालो, "चल पोरी. हितं हेवीचं मिळत न्हाई."

जागेची गोष्ट अशी. मुलगा मिलिटरीत. शालन लग्नाआधीच गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि घरात शेणाच्या पाट्या टाकत होती. आमच्या गावात, वडूजच्या अलीकडं, नवीन हायस्कूल निघालं होतं. गणिताचा एक मास्तर तिथं टिकत नव्हता. हेडमास्तर मला म्हणाले होते, "पुढच्या जूनपर्यंत गणितातलं बी.एड. करून आणा, जागा तुमच्या सुनेची. नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल." वर्ष एकच होतं.

गणिताची मेथड सांगलीला मिळाली. सवलत धरून फीसुद्धा झेपत होती. पण हॉस्टेलात मेस सक्तीची. मेसचा आकडा ऐकला आणि शालननं मान खाली घातली. माझ्या पगारात बसणारा नव्हता तो.

प्राचार्य बाई खादीचं लुगडं नेसलेल्या, आवाजानं करड्या. मी टोपी काढली नाही.

"बाई, पोरगी हॉस्टेलात राहील. जेवाण मात्र घरनं यील."

"घरून? घर कुठं आहे तुमचं?"

"वडूजजवळ."

"अहो, तिथून सांगली किती लांब! रोज डबा आणणार कोण?"

"मी. सकाळची सांगली गाडी आमच्याच गावातनं सुटती."

"एकीला परवानगी दिली तर सगळ्या मागतील."

"मागू द्या की. समद्यांचं आणतो."

बाई हसल्या नाहीत. "आमच्या मुली साडेदहाला जेवून कॉलेजला येतात. उपाशी मुलगी वर्गावर पाठ घेऊ शकत नाही. एक दिवस जरी डबा चुकला तरी मी हिचं नाव मेसमध्ये घालीन. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर शालन म्हणाली, "मामंजी, पण तुमची ड्यूटी तर पुण्याची हाय."

होती. तेवढं विसरूनच कबूल म्हणून बसलो होतो.

आमच्या खात्यात वस्तीची गाडी म्हणून प्रकार असतो. गाडी संध्याकाळी खेड्यात जाते, तिथंच मुक्काम करते आणि पहाटे पहिल्या प्रवाशांना घेऊन निघते. आमच्या गावची वस्ती विटा, तासगाव करून सांगलीला जायची. रस्ता असा की पाट्याचं स्प्रिंग रडायचं. कुणी ती ड्यूटी मागत नसे. आणि ड्रायव्हरला स्वतःच्या गावची वस्ती द्यायची नाही, असा आमच्या डेपोत रिवाज. घरी झोपला की उठत नाही म्हणून. मी सीनिअर, मला डांबरी रस्त्याची पुणे ड्यूटी. ती मिळवायला मी दोन मॅनेजरांशी भांडलो होतो.

आता तिसऱ्या मॅनेजरसाहेबांच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, पुणं काढून घ्या. मला आमच्या गावची वस्ती द्या."

साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "डोक्यावर पडलात का? लोक पुण्यासाठी नवस बोलतात."

"सुनंचा डबा न्यायचाय सांगलीला."

सगळं ऑफिस हसलं. साहेब म्हणाले, "एस.टी. काय डबे वाहायला काढलीय? आणि तुम्ही घरात घोरत पडाल, गाडी कोण काढणार?"

"गाडी एक दिवस उशिरा सुटली तर मला वर्कशॉपात गाड्या धुवायला बसवा."

माझा कंडक्टर इस्माईल मागून म्हणाला, "साब, हा माणूस हट्टाला पेटला की कोंबड्याला उठवतो. द्या त्याला. मी बी जातो संगं."

पुण्यासाठी दहा जण टपलेलेच होते. वस्ती मला मिळाली.

जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच आत असायचं. त्याच्यावरचं झाकण ते बॉनेट. ते असलं तापायचं की हिवाळ्यात आम्ही हात शेकायचो. पितळी डबा फडक्यात बांधून त्यावर ठेवला की आमटी सांगलीपर्यंत गरम. दह्याची लोटी मात्र इस्माईलच्या सीटखाली. हे सगळं मी आणि माझी मालकीण, म्हणजे शालनची सासू, पहिल्या आठवड्यात दही नासवून शिकलो. माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली ड्रायव्हर डबा न्यायचा. भाकरीला नाही म्हणायचं नाही, हा ड्रायव्हर लोकांचा कायदा.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. मायणीच्या स्टँडवर एक बाप डबा घेऊन उभा. "आवं ड्रायव्हरसाहेब, माझी पोरगी बी तितंच हाय." मग विट्याला दोन, तासगावला तीन. दिवाळीपर्यंत बॉनेट भरलं. इस्माईल गेअरकडं बघून म्हणायचा, "मामू, भाकरीतनं गेअर सापडतो का?"

आणि मग स्प्रिंगचा पाटा तुटला. तासगावच्या अलीकडं, माळावर. गाडी एका अंगाला बसली. त्या दिवशी शालनचा परीक्षेचा पाठ होता, बाहेरचे परीक्षक येणार होते. मागून विट्याची गाडी आली ती टपापर्यंत भरलेली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "चार माणसं घेतो, जास्त न्हाई."

मी म्हणालो, "आधी डबे घे."

आमचे प्रवासी खवळले. एक पटकेवाला ओरडला, "माणसं माळावर आन भाकरी गाडीत? कुठला न्याय ह्यो?"

तेवढ्यात मिरचीचं गठुडं घेऊन बसलेली एक म्हातारी उठली. "गप रं मुडद्या. परीक्षा पोरींची हाय, तुजी हाय का? तू जा चालत." आणि पहिला डबा तिनंच उचलला. हातोहात सगळे डबे पुढच्या गाडीत गेले. त्यामागं इस्माईल दारात लटकून गेला. मी आणि पटकेवाला माळावर बाभळीखाली बसलो. त्याला माझ्या वाटणीची भाकरी दिली. ती त्यानं चटणीसकट संपवली.

दुपारी इस्माईल परत आला तो लांबूनच हात हलवत. "पोचलं मामू! घंटा व्हायच्या आत! बाई गेटवर घड्याळ घेऊन उभ्या होत्या. निम्मे डबे त्यांनी स्वतः उचलले."

शालनचा पाठ होता दंडगोलाचा. दंडगोल म्हणजे आपला उभा डबाच की. बाकीच्या मुलींनी पुठ्ठ्याची साधनं विकत आणली होती. हिनं जेवण उरकलं, डबा घासला आणि तोच वर्गात नेला. त्यात किती पाणी मावेल ते मुलांना आधी काढायला लावलं आणि मग मापानं ओतून दाखवलं. गणित बरोबर आलं. डबा जरा चेपलेला असता तर आलं नसतं. पण माझ्या बॉनेटवर डबा चेपत नसतो.

शालन फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. जूनमध्ये हायस्कुलात हजर झाली. पहिल्या दिवशी माझी गाडी शाळेपुढं आली तेव्हा मी हॉर्न जरा लांबच वाजवला. नियमात बसत नव्हतं, पण वाजवला.

त्याच महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. एस.टी.त असं झालं की समजावं, काम साहेबांचं आहे.

"अहो, आमच्या मुलीला बी.एड. करायचंय. सांगलीचं ते कॉलेज कसं आहे? मेस फार महाग पडते म्हणतात."

"कॉलेज चांगलं हाय, साहेब. पर आधी मेथड इचारा. नुसती फी इचारून मी साताऱ्याला तोंडघशी पडलोय."

"आणि डब्याचं? न्याल का?"

मी चहा बशीत ओतला, गार होऊ दिला, सावकाश प्यालो.

"नेतो की. दही मात्र देऊ नका."